‘तिखट बंद करा’ : कोल्हापुरातल्या एका ताटाचा हिशोब

घर कोल्हापूरचं, माणसं चार. घर नमुन्याचं आहे, कुणा एका कुटुंबाचं नाही. पण त्यातली मापं आणि खोड्या पंचगंगेच्या काठी कुठल्याही गल्लीत सापडतील. कर्ते गृहस्थ ४७ वर्षांचे, बाजारपेठेत दुकान. दुकान बंद करून घरी यायला साडेनऊ, जेवण दहाला, अकराच्या आत अंथरुणावर. आठवड्यातून तीन-चार रात्री छातीत जळजळ. तपासायला गेल्यावर बीपी १३८/८८ निघाला. सल्ला मिळाला : जळजळीची गोळी पंधरा दिवस, आणि तिखट बंद.

मग घरात वेगळं पातेलं आलं. त्यात फिकी आमटी आणि मिरचीची फोडणी नसलेली भाजी. ती घशाखाली उतरेना म्हणून ताटात वरून चिमूटभर मीठ. सोबत ‘चवीपुरती’ लोणच्याची फोड, कारण लोणचं कुणी तिखटात धरलंच नाही. एक पापड. रात्री पोट शांत राहावं म्हणून दूध-बिस्किटं, तीही झोपताना. गोळ्या चालू होत्या तोवर जळजळ बरी होती, गोळ्या संपल्यावर परत आली. बीपी जागचा हलला नाही. तीन महिन्यांनी एका रविवारी तांबड्या रश्श्याच्या दोन वाट्या झाल्या आणि ती रात्र बसून काढावी लागली. घरातल्यांनी निकाल लावला : बघा, तिखटच नडतंय.

हा निकाल चुकीचा आहे. तो इतका पटण्यासारखा का वाटतो, ते मिरची शरीरात काय करते ते पाहिल्यावर कळतं.

जळतं ते काय

मिरचीतला तिखट घटक कॅप्सेसिन. तो बियांत नसतो. बिया ज्या पांढऱ्या शिरेला चिकटलेल्या असतात त्या शिरेत तो तयार होतो. शीर काढली की तिखटपणाचा मोठा भाग निघून जातो. नुसत्या बिया झटकल्या तर फारसा फरक पडत नाही. कॅप्सेसिन पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, तेलात-तुपात विरघळतं. म्हणून ठसका लागल्यावर पाणी प्यायलं की जळजळ तोंडभर पसरते, आणि दूध किंवा दही घेतलं की उतरते. दुधातलं केसिन आणि स्निग्धांश त्याला उचलून नेतात.

जिभेवर, अन्ननलिकेत, जठरात आणि थेट गुदद्वारापर्यंत मज्जातंतूंवर एक संवेदक बसलेला आहे, नाव टीआरपीव्ही-१. साधारण ४३ अंश सेल्सिअसच्या वर तापमान गेलं की तो उघडतो आणि मेंदूला ‘भाजतंय’ असा निरोप जातो. कॅप्सेसिन हाच दरवाजा थंड असतानाच उघडतं. १९९७ मध्ये डेव्हिड ज्युलियस यांच्या प्रयोगशाळेने हा संवेदक शोधला. २०२१ चं वैद्यकशास्त्राचं नोबेल त्यांना आर्डेम पाटापुटियन यांच्यासोबत मिळालं. यातला कामाचा भाग असा : मिरचीने जळतं तेव्हा काही भाजलेलं नसतं. तो खोटा गजर असतो.

आणि रोज वाजणारा गजर हळूहळू बधिर होतो. तंतूंमधला वेदनेचा निरोप पोहोचवणारा साठा कमी होतो आणि संवेदक प्रतिसाद देईनासा होतो. मज्जातंतूंच्या दुखण्यावर कॅप्सेसिनचे मलम आणि पट्ट्या वापरतात त्या याच गुणासाठी. उलट, खाणं थांबवलं की ही बधिरता ओसरते. तीन महिने फिकं खाऊन एकदम रविवारी तांबडा रस्सा ओरपला, तर नव्याने जागे झालेले तंतू बोंब मारणारच. त्या रात्रीची परीक्षा मिरचीची नव्हती, मध्ये पडलेल्या खंडाची होती. शिवाय रश्श्यावर बोटभर कट, म्हणजे तेलाचा तवंग, होता आणि जेवण रात्री साडेदहाला झालं होतं. या दोन गोष्टी निकालात कुणी धरल्याच नाहीत.

पोटाचं नुकसान होतं का

तिखटाने अल्सर होतो ही समजूत जुनी आहे. बहुतेक अल्सर हेलिकोबॅक्टर पायलोरी या जंतूमुळे किंवा अॅस्पिरिन, आयबुप्रोफेनसारख्या वेदनाशामकांमुळे होतात. जंतूच्या शोधाबद्दल बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरन यांना २००५ मध्ये नोबेल मिळालं. १९८८ मध्ये अमेरिकेत निरोगी लोकांना तिखट जेवण देऊन दुर्बिणीने जठर पाहिलं गेलं. वाटलेली ३० ग्रॅम हालापेन्यो मिरची थेट जठरात सोडूनही पाहिली. अस्तराला जखमा दिसल्या नाहीत. अॅस्पिरिनने मात्र दिसल्या.

सिंगापूरचा १९९५ चा प्रयोग याहून बोलका आहे. १८ निरोगी माणसांना एकदा २० ग्रॅम मिरची २०० मिलिलिटर पाण्यासोबत दिली, एकदा नुसतं पाणी. अर्ध्या तासाने दोन्ही वेळा ६०० मिलिग्रॅम अॅस्पिरिन. सहा तासांनी दुर्बीण. जठराच्या इजेचा मध्यक गुण नुसत्या पाण्यावर ४ आला, मिरचीनंतर १.५. म्हणजे मिरचीने अस्तर राखलं. संवेदक जागे झाले की अस्तराचा रक्तपुरवठा वाढतो, हे त्यामागचं संभाव्य कारण. अर्थात २० ग्रॅम मिरची पाण्यासोबत गिळायचा हा प्रयोग घरी करायचा नाही. अॅस्पिरिन घेणाऱ्यांनी मिरचीच्या भरवशावर तर मुळीच राहू नये.

आपल्या गृहस्थांना लागू पडेल असा पुरावा इटलीतल्या बोलोन्याचा आहे, २००२ सालचा. जेवल्यावर पोट गच्च होणं, वरच्या पोटात दुखणं, पण तपासणीत काही न सापडणं अशा ३० रुग्णांपैकी १५ जणांना पाच आठवडे दिवसाला २.५ ग्रॅम लाल मिरचीची पूड कॅप्सूलमधून, जेवणाआधी दिली. त्रास सुमारे ६० टक्क्यांनी उतरला. बनावट कॅप्सूल घेणाऱ्यांचा ३० टक्क्यांहून कमी. फरक दिसायला तिसरा आठवडा उजाडावा लागला. ज्यांना छातीत आंबट वर येण्याचा त्रास मुख्य होता त्यांना या प्रयोगात घेतलंच नव्हतं, हे विसरू नये.

कारण छातीतली जळजळ हे वेगळं प्रकरण आहे. जठर आणि अन्ननलिकेमधली झडप ढिली पडते आणि आम्ल वर येतं. मिरची आम्ल वाढवते असं दिसत नाही. पण वर आलेलं आम्ल जास्त लवकर आणि जास्त जोरात जाणवतं, कारण अन्ननलिकेतलेही तेच तंतू चाळवतात. म्हणजे चोर दुसरा, मिरची फक्त कुत्रं भुंकवते. चोर कोण? उशिराचं जेवण, तेलाचा थर, भरलेलं पोट घेऊन आडवं होणं, पोटाचा घेर, तंबाखू, दारू.

चटणीत मीठ किती, हे कुणी मोजलं नव्हतं

बीपीचा धागा इथे सुरू होतो, आणि या प्रकरणात सर्वांत जास्त दुर्लक्ष झालं ते इथेच.

कोल्हापुरात ‘चटणी’ म्हणजे कांदा-लसूण घालून डंकावर कुटून आणलेला वर्षाचा मसाला. चैत्र-वैशाखात होतो. या घराचं दर किलो मिरचीमागचं माप असं : मिरची १ किलो (निम्मी ब्याडगी रंगाला, निम्मी संकेश्वरी तिखटाला), कांदा अर्धा किलो, लसूण पाव किलो, सुकं खोबरं पाव किलो, धणे पाव किलो, तीळ १०० ग्रॅम, खडा मसाला १०० ग्रॅम, तेल २०० ग्रॅम, आणि खडेमीठ पाव किलो. कांदा तळून सुकला की दीडशे ग्रॅमच्या आसपास उरतो. सगळं मिळून अडीच किलो चटणी. म्हणजे दर १० ग्रॅमला, पोहे खायच्या एका शिगोशीग चमच्याला, ४ ग्रॅम मिरची आणि १ ग्रॅम मीठ.

दिवसाला तीन चमचे चटणी लागते. त्यातून चौघांना १२ ग्रॅम सुकी मिरची जाते, माणशी ३ ग्रॅम. बोलोन्याच्या कॅप्सूलइतकीच, थोडी वर. मिरची मुळीच जास्त नाही. पण त्याच तीन चमच्यांतून ३ ग्रॅम मीठ पातेल्यात आधीच पडलेलं असतं, आणि वरून ‘अंदाजाने’ मीठ घातलं जातं ते हे धरून नव्हे. त्यात लोणचं. कैरीच्या लोणच्यात मीठ १२ टक्के धरलं तर १५ ग्रॅमच्या एका खारभरल्या फोडीत १.८ ग्रॅम. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा माणशी दिवसाला ५ ग्रॅमच्या आत आहे. एका फोडीत तिचा एक तृतीयांशाहून जास्त वाटा संपला.

‘तिखट बंद’ झाल्यावर या घरात काय झालं, ते या हिशोबावर ठेवून पाहा. चटणीतलं माणशी पाऊण ग्रॅम मीठ गेलं. बदल्यात लोणच्याची फोड, पापड आणि वरचं चिमूटभर मीठ आलं. मीठ घटायच्या ऐवजी दोनेक ग्रॅमनी वाढलं. बीपी का उतरावा?

चीनमध्ये चोंगचिंगच्या संशोधकांनी २०१७ मध्ये ६०६ प्रौढांवर केलेला अभ्यास याच्या नेमका उलट चित्र दाखवतो. तिखटाची जास्त आवड असलेल्यांचा वरचा बीपी कमी आवड असलेल्यांपेक्षा सुमारे ८ अंकांनी आणि खालचा ५ अंकांनी कमी होता. ते मीठही दिवसाला सुमारे अडीच ग्रॅम कमी खात होते. मेंदूचे जे भाग खारटपणा ओळखतात तेच तिखटानेही चेततात, त्यामुळे तिखट असलं की कमी मीठही पुरेसं खारट लागतं, असं स्कॅनमधून दिसलं.

मग कोल्हापूरकर तर बीपीमुक्त असायला हवेत! ते नाहीत, कारण आपल्याकडे तिखट आणि मीठ गाठ मारूनच घरात येतात. चटणीत मीठ, खर्ड्यात मीठ, लोणच्यात मीठ, मिसळीच्या फरसाणात मीठ. मिरचीचा हा फायदा हवा असेल तर आधी ही गाठ सोडवावी लागते. ती सोडवली नाही तर मिरची कितीही खा, ती मिठाची वाहतूकच करणार.

सहा आठवड्यांची चाचणी

एका वेळी एकाच प्रकारचा बदल करायचा, नाहीतर कशाने काय झालं ते कळत नाही. आणि सुरुवात मिरचीपासून करायची नाही.

त्याआधी धोक्याच्या खुणा. घास अडकणं, विनाकारण वजन घटणं, काळी चिकट शौच, रक्ताची उलटी, किंवा चालताना-जिना चढताना छातीत दाटून येऊन हात, जबडा, पाठीकडे कळ जाणं. यातलं काहीही असेल तर चाचणी-बिचणी नाही, आधी डॉक्टर. सत्तेचाळिशीच्या दुकानदाराच्या ‘जळजळी’चा ईसीजी एकदा तरी काढलेला असावा.

पहिले दोन आठवडे तिखट बंद करायचं नाही, ते आधीच्याच पातळीवर ठेवायचं, म्हणजे माणशी ३ ग्रॅम. या घरात ते तीन महिने बंद होतं, म्हणून पहिल्या चार-पाच दिवसांत निम्म्यावरून वर न्यायचं. सुरुवातीला हिरवी मिरची उभी चिरून शीर खरवडून काढलेली, अर्धी, दही-भाताबरोबर किंवा भाकरीच्या मध्यावर. उपाशीपोटी नाही. बदलायची आहे ती जेवणा-झोपण्याची पद्धत : जेवण आणि आडवं होणं यात तीन तास. दुकान नऊच्या आधी बंद होणार नसेल तर सहाच्या सुमाराला भाकरी-भाजीचा डबा दुकानातच, आणि रात्री घरी ताक-भात, तोही थोडा. रश्श्यावरचा कट चमच्याने काढून ठेवायचा. पलंगाच्या डोक्याकडच्या पायांखाली १५ सेंटिमीटरचे ठोकळे. दोन उशा घेऊन चालत नाही, त्याने पोट दुमडतं आणि उलट दाब येतो. डाव्या कुशीवर झोपायचं. वहीत रोज एक ओळ : जळजळ झाली की नाही, किती वाजता.

दोन आठवड्यांत तिखट चालू असताना जळजळ निम्म्याने उतरली, तर मिरची निर्दोष सुटली. अजिबात फरक नाही, तर तिसऱ्या आठवड्यात फक्त मिरची पूर्ण काढून पाहावी. त्याने ज्यांची उतरली ती माणसं खरंच मिरचीला हळवी आहेत आणि त्यांच्यासाठी तो सल्ला बरोबर आहे. अशी माणसं असतात. त्यांना कुणी ‘सवय होईल’ म्हणून ढकलू नये.

मिठाचं काम तिसऱ्या आठवड्यापासून, किंवा मिरची काढून पाहावी लागली तर ती परीक्षा उरकल्यावर. दिवसभरासाठी चौघांचं मीठ सकाळीच एका वाटीत मोजून काढायचं : १४ ग्रॅम, म्हणजे चहाचे सपाट अडीच चमचे. चटणीतले ३ ग्रॅम आणि पीठ-बिस्किटांतलं छुपं मीठ धरून हे २० ग्रॅमच्या आत बसतं. वाटी संपली की मीठ संपलं. मीठ शिजताना न घालता उतरवताना घातलं तर जिभेला जास्त लागतं. लोणच्याच्या जागी खर्डा, पण वेगळ्या मापाचा : हिरव्या मिरच्या १००, लसूण २०, भाजलेले शेंगदाणे ४० ग्रॅम, तेल दोन चहाचे चमचे, मीठ ३ ग्रॅम आणि एका लिंबाचा रस. नेहमीच्या खर्ड्यात याच्या दुप्पट तरी मीठ असतं. तव्यावर मिरच्यांना डाग पडले की लोखंडी तव्यातच वाटीच्या बुडाने रगडायचं. भाजून पाणी उडाल्यावर दीडशे ग्रॅम होतो. १० ग्रॅमच्या एका चमच्यात ०.२ ग्रॅम मीठ, लोणच्याच्या फोडीच्या नवव्या हिश्श्याइतकं. लिंबाचा आंबटपणा आणि मिरची मिळून मिठाची उणीव झाकतात. हा खर्डा फ्रीजमध्ये तीन-चार दिवस, त्याहून जास्त नाही, कारण टिकवणारं मीठच काढून घेतलं आहे.

चौथा-पाचवा दिवस सर्वांत वाईट. सगळं अळणी लागतं आणि घरात कुरकुर होते. जीभ बदलायला दोन-तीन आठवडे लागतात. इथे बहुतेक घरं हरतात आणि लोणच्याची बरणी परत ताटाजवळ येते.

बीपी घरच्या यंत्रावर मोजायचा. पाच मिनिटं बसून, पाठ टेकून, हात छातीच्या उंचीवर, सकाळी दोन आणि रात्री दोन वाचनं, सात दिवसांची सरासरी. एका वाचनावर निर्णय नाही. मीठ कमी करून काही अंक उतरतात. बीपीची गोळी चालू असेल तर ती आपल्या मनाने थांबवायची नाही.

बाकीचे फायदे, खरे आणि फुगवलेले

आयुष्य वाढतं का? चीनमधल्या ४,८७,३७५ लोकांच्या पाहणीत, सरासरी सात वर्षांच्या पाठपुराव्यात, आठवड्यातून सहा-सात दिवस तिखट खाणाऱ्यांत मृत्यूचा धोका १४ टक्के कमी दिसला. आठवड्यातून एक-दोन दिवस खाणाऱ्यांत १० टक्के. २०१९ मध्ये इटलीच्या मोलिझे भागातल्या २२,८११ लोकांत, आठवड्यातून चारपेक्षा जास्त वेळा मिरची खाणाऱ्यांत २३ टक्के. दोन्हीकडे लोकांनी सांगितलेल्या खाण्यावरून हे आकडे काढले आहेत. मिरचीमुळेच ते घडलं असं यातून सिद्ध होत नाही. मात्र एवढं दिसतं की थोडक्याने बराचसा फरक पडतो, ढिगाने खाऊन त्यात फारशी भर नाही. ढिगाची दुसरी बाजूही आहे. चीनमध्येच ५५ वर्षांवरच्या ४,५८२ लोकांत दिवसाला ५० ग्रॅमहून जास्त मिरची खाणाऱ्यांची स्मरणशक्ती जास्त वेगाने घसरल्याचं आढळलं. आपलं घर ३ ग्रॅम सुक्यावर आहे, ती भीती इथे नाही.

वजन उतरतं का? कॅप्सेसिनने दिवसाला फार तर ५० कॅलरी जास्त जळतात. पोह्याच्या चमचाभर तेलात शंभराच्या आसपास असतात. कट ओरपून वजन उतरवायची आशा सोडून द्यावी.

क जीवनसत्त्व? हंगेरीत सेगेदच्या सेंट-ग्यॉर्गी या शास्त्रज्ञांना हे जीवनसत्त्व भरपूर प्रमाणात मिळालं ते पाप्रिका मिरचीतूनच. हिरव्या मिरचीत ते १०० ग्रॅमला १०० मिलिग्रॅमच्या वर असतं, हे खरं. पण ५ ग्रॅमच्या एका मिरचीतून पाच-दहा मिलिग्रॅमच मिळतं, भाजल्यावर त्याहून कमी. पेरू खावा.

ज्यांनी थांबावं

गुदद्वाराला चीर पडलेल्यांनी. नागपुरात या विषयावर नीट चाचण्या झाल्या आहेत आणि चीर असताना मिरचीने आग आणि दुखणं वाढतं, असंच त्यातून निघालं. मूळव्याधीबाबत पुरावा वेगळा आहे. इटलीतल्या २००६ च्या चाचणीत एका मिरचीच्या मात्रेने मूळव्याधीचा त्रास वाढला नाही. पण शस्त्रक्रिया झाल्यावरचे आठवडे तिखट टाळलेलंच बरं. चालू अल्सर, आतड्याचा हळवेपणा, लहान मुलं यांनाही वरचं माप लावू नये.

आणि पैजा लावून जगातल्या सर्वांत तिखट मिरच्या खाणं हे खाणं नव्हे. २०१८ मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या एका ३४ वर्षांच्या माणसाची नोंद वैद्यकीय नियतकालिकात आली. स्पर्धेत एक कॅरोलिना रीपर मिरची खाल्ल्यावर त्याला विजेसारखी डोकेदुखी सुरू झाली आणि तपासणीत मेंदूच्या रक्तवाहिन्या आवळलेल्या दिसल्या. पाच आठवड्यांनी त्या पूर्ववत झाल्या.

पुढच्या चैत्राची चटणी

मीठ पाव किलोवरून १०० ग्रॅमवर आणलं तर चटणीतलं मीठ १० टक्क्यांवरून ४ टक्क्यांवर येतं. पण मग टिकण्याची जबाबदारी कोरडेपणावर येते. बुरशी लागते ती कांदा आणि लसणाच्या ओलाव्यातून. कांदा उन्हात चार दिवस कडक वाळवून मगच तळायचा, बोटांनी चुरडला पाहिजे. मऊ राहिला तर दोन महिन्यांत बरणीत गोळे धरतात. लसूणही तेलात तांबूस होऊन खुटखुटीत. त्याहून सोपा मार्ग म्हणजे डंकावरून फक्त मिरची-धणे-खडा मसाला मीठ न घालता कुटून आणावा आणि कांदा-लसूण-खोबऱ्याचं वाटण दर आठवड्याला ताजं करून फ्रीजमध्ये ठेवावं. मिरच्या देठासकट विकत घ्याव्यात, कडक उन्हात वाळवाव्यात, आणि फोडून पाहिल्यावर ज्या मिरचीच्या आत पांढुरकी किंवा काळी बुरशी दिसेल ती टाकून द्यावी, कारण त्या बुरशीतलं अफ्लाटॉक्सिन भाजून जात नाही. डंकावर आधीच्या गिऱ्हाईकाची मीठ घातलेली चटणी कुटलेली असेल तर पहिला मूठभर मसाला वेगळा काढायचा. आणि देठं खुडताना हात जळायला लागले तर आधी तेल चोळून पुसायचं, मग साबण. नुसत्या पाण्याने ती आग संध्याकाळपर्यंत जात नाही.